धनेशाची चौथाई

अमरावतीत मी भाड्याने राहत होतो तेव्हा माझे घरमालक समुद्रातल्या एका बेटाचा कारभार बघत असत. बेट अंदमानच्याही पलीकडे, घर आमचं कॉलेजच्या रस्त्यामागच्या गल्लीत, मधे अर्धा देश आणि वर तीन दिवसांचं पाणी. पण त्यांना ते अंतर कधी जाणवलं नाही. सकाळी दात घासता घासता ते फाटकावरच्या फळ्यापाशी जात, बेटावरच्या पक्ष्याची आजची स्थिती खडूने लिहीत आणि मगच चूळ भरत. "बेटावरचा धनेश. स्थिती: संकटग्रस्त." एवढाच मजकूर. रोज पुसायचा आणि रोज तोच लिहायचा.

मी एकदा म्हटलं, "काकाजी, बदलत तर काहीच नाही. पुसता कशाला?"

"दूधवाला रोज तेच दूध आणते ना, मास्तर? मंग कालचंच पेत जाय."

गल्लीत नवीन आलेलं एक कुटुंब दुरून फक्त शेवटचा शब्द वाचून गेलं आणि दोन दिवस त्यांच्याकडून भाजी-पोळीचा डबा येत राहिला. तिसऱ्या दिवशी काकूंनी डब्यात शंकरपाळे भरून तो परत केला. मला म्हणाल्या, "या मानसाच्या पाखरापायी माया घरी सांत्वनाले लोक येऊन राहिले. घरची लेकरं कधी मोजली नाईत यानं."

मी तेव्हा तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत असे. म्हणजे वर्षातले काही महिने प्राध्यापक आणि उरलेले महिने काकूंच्या गच्चीवरचे पापड राखणारा. त्यामुळे काकाजींना बघायला माझ्याकडे भरपूर वेळ होता, आणि बघण्यासारखा तेवढा ऐवज अख्ख्या अमरावती विभागात दुसरा नव्हता.

काकाजींचा धंदा नजरेचा. आमच्याकडे वरुड-मोर्शी-परतवाड्याच्या पट्ट्यात संत्र्याची बाग झाडावरच विकली जाते. एकही फळ तोडायच्या आधी सौदा होतो. म्हणून घेणारा व्यापारी एखाद्या जाणत्याला बागेतून फिरवून आणतो आणि तो जाणता नुसतं बघून सांगतो, की या बागेत किती माल आहे. काकाजी चाळीस वर्षं असे जाणते होते. त्यांचं म्हणणं, "फळ मोजाचं नाई, फांदी वाचाची. फळ लपते. फांदीले लपता येत नाई, ते वाकते."

ही नजर बागेपुरती राहिली असती तर ठीक होतं. वलगावच्या एका लग्नात मांडवाच्या दारात उभं राहून त्यांनी आचाऱ्याला पत्रावळींचा हिशोब दिला. शेवटच्या पंगतीत दोन पत्रावळी उरल्या. आचारी गालात हसला. काकाजी म्हणाले, "थांब जरा." तेवढ्यात विहिरीमागून दोन जावई निघाले, सकाळपासून रुसून बसलेले. माझ्याकडे तर ते दर महिन्याच्या एक तारखेला नीट निरखून बघत आणि म्हणत, "मास्तर, डोक्यावरचे कमी झाले गेल्या महिन्यापेक्षा. किती ते सांगत नाई, तुले झोप येनार नाई."

या धंद्यात त्यांचे जोडीदार होते बाळापूरचे हनीफभाई. उंच, मेंदी लावलेली दाढी, आणि बोलताना अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी, राहिलेलं सगळं हातवारे. दोघं बागेत वेगवेगळ्या टोकांनी शिरत आणि एकमेकांचं तोंडही न बघता फिरत. शेवटी विहिरीवर भेटले की काकाजी खांद्यावरचा दुपट्टा काढत, दोघांचे हात त्याखाली जात आणि बोटं दाबून आकडा सांगितला जाई. जुळला तर चहा. नाही जुळला तर दोघं पुन्हा पहिल्या झाडापासून सुरू. परतवाड्याला म्हणे एकदा आकडा इतका वेळ जुळेना, की तोवर झाडांवर पुढचा बहार आला.

बागेत आकडा तोंडाने बोलायचा नाही हा त्यांचा दंडक होता. दुसरा दंडक म्हणजे चौथाई. वारा येईल, कोळशी रोग येईल, माकडं येतील, असं म्हणून घेणाऱ्याचा जाणता चौथाई तूट धरतो आणि उरलेलाच आकडा बोटांवर देतो. खरा आकडा त्याच्या पोटात राहतो. आणि एकदा दिलेला आकडा मरेपर्यंत बदलायचा नाही. "आकडा बदलला तो मानूस संपला," काकाजी म्हणत. "मंग त्यानं पानठेला टाकावा."

आता या माणसाच्या हाती बेट कसं लागलं ते सांगतो.

मी राहायला येण्याच्या बऱ्याच वर्षं आधी पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एक मॅडम मेळघाटात जाताना परतवाड्याजवळच्या बागेत पाणी प्यायला थांबल्या. पुण्याकडच्या. तेवढ्यात झाडावरून पोपटांचा थवा उडाला आणि काकाजी हनीफभाईंना म्हणाले, "दोन पिल्लं हायेत यात, बाकी जुने." मॅडमनी विचारलं, उडून गेल्यावर तुम्ही कसे ओळखले? काकाजींनी झाडाकडे बोट दाखवलं. "फांदी किती वर आली ते पाह्यलं ना."

पुढच्या हिवाळ्यात मॅडम त्यांना बेटावरचे धनेश मोजायला घेऊन गेल्या. हनीफभाईंनी पाण्याला घाबरून नकार दिला. काकाजींनी त्याआधी सगळ्यात मोठं पाणी पाहिलं होतं ते धरणाचं. बोटीच्या कठड्याला धरून त्यांनी समुद्र पाहिला आणि म्हणाले, "एवढं पानी, अन् एकरभर ओलीत नाई." तीन दिवस त्यांनी मॅडमना आपल्या धंद्याची सगळी विद्या ऐकवली, कारण दुसरं ऐकून घेणारं कोणी नव्हतं आणि मॅडमना पळून जायला जागा नव्हती.

बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एकच डोंगर, पायथ्यापासून डोक्यापर्यंत जंगलाने भरलेला. त्यावरचा धनेश जगात दुसरीकडे कुठेच नाही. चोच अशी, की चेहरा मागाहून बसवल्यासारखा वाटतो. उडाला की पंखांचा आवाज चढावर दम लागलेल्या एसटीसारखा. आणि विणीच्या दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते. फक्त एक फट उरते. नर दिवसभर फळं आणून त्या फटीतून भरवतो. म्हणजे मोजायला जावं तर अर्ध्या बायका घरात कोंडलेल्या.

काकाजींनी नर मोजायचं सोडून त्यांनी नेलेली फळं बघितली. "तो किती फेऱ्या मारते अन् घशात किती फळं नेते, त्यावरून घरात तोंडं किती ते समजते. बायको माहेरी गेली की मी किती भाजी आणतो, पाह्य ना."

अजून एक गोष्ट त्यांनी तिथे पाहिली, जी पाखरांकडे बघणाऱ्या कोणालाच दिसली नव्हती. दुसऱ्या दिवशी ते मॅडमना म्हणाले, "या बागेत म्हातारी झाडं हायेत, लेकरं नाईत." खरंच, मोठ्या झाडांखाली एक रोप उभं नव्हतं. कधीकाळी कोणीतरी बेटावर सोडलेल्या बकऱ्या जमिनीतून वर येणारं प्रत्येक पान खात होत्या. आज फळ होतं. पण ही झाडं गेली की पुढे ना फळ, ना ढोली, ना धनेश. मॅडमनी ते लिहून घेतलं आणि नंतर बकऱ्या बेटावरून हलवेपर्यंत त्यांनी कोणाला स्वस्थ बसू दिलं नाही.

शेवटच्या दिवशी काकाजींनी दुपट्टा काढला, मॅडमचा हात त्याखाली घेतला आणि बोटांवर आकडा दिला. मॅडमनी वहीत लिहिला. काम झालं.

आणि बडनेरा स्टेशनावर उतरताना, फलाटावर संत्र्यांची टोपली दिसली तेव्हा, काकाजी जिन्याच्या मधोमध उभे राहिले. मागची माणसं शिव्या देत बाजूने गेली. हाताच्या सवयीने त्यांनी धनेशाची चौथाई कापली होती. घेणाऱ्याचा आकडा दिला होता. पाखराला कसली आली कोळशी.

पुढे जगातल्या संकटात सापडलेल्या पशुपक्ष्यांची जी लाल यादी निघते, तिच्यात बेटावरच्या धनेशाला 'संकटग्रस्त' या पायरीवर ठेवलं गेलं. मोजणीवरून आणि इतर दहा गोष्टींवरून. इतर दहा गोष्टी काकाजींना मान्य नव्हत्या. त्यांच्या मते एक भलं पाखरू त्यांच्या बोटांनी खाली ढकललं होतं. सांगावं तर दिलेला आकडा बदलल्यासारखं होतं, न सांगावं तर पाखराची बदनामी. त्यांनी दोन्ही केलं नाही. फाटकावर फळा लावला.

हे सगळं मला हनीफभाईंनी सांगितलं. बेटावरच्या गोष्टी काकाजींनीच त्यांना सांगितल्या होत्या, चौथाईचं मात्र कोणी सांगितलं नव्हतं, ते त्यांनी ओळखलं होतं. "मी संगं असतो तर दुपट्ट्याखाली त्याचं बोट असं दाबलं असतं ना, की चौथाई जागेवर आली असती," ते म्हणाले. "एकटा गेला, फसला."

मी राहायला आल्याच्या तिसऱ्या वर्षी मॅडमचा फोन आला. फोन मीच स्पीकरवर लावून दिला. बकऱ्या कधीच्या गेल्या, जमीन रोपांनी भरली, आता नवी मोजणी होणार आहे आणि काकाजींनी यावं. काकाजी त्या दिवशी ओसरीवर काळा चष्मा लावून बसले होते. आठवड्यापूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. "विचारून सांगतो," एवढंच ते बोलले. कोणाला विचारणार ते आम्हाला कळेना. आजवर त्यांनी कोणाला काही विचारल्याचं काकूंनाही आठवत नव्हतं.

संध्याकाळी हनीफभाई बाळापूरहून हजर.

"क्या दोस्ता, जात नाई म्हणे?"

"डोया कच्चा हाये."

"डोया कच्चा हाय का आकडा?"

काकाजींनी चष्मा नाकावर वर सरकवला.

हनीफभाईंनी खुर्ची पुढे ओढली. "पाह्य, यंदा खरा आकडा देशीन तर पाखरं वाढली दिसतीन. पन वाढली नसतीन तरी दिसतीन, काहून की मागचा आकडा तू खाल्लेला. लोक बाजा वाजवतीन, अन् तुले माहीत राहीन की बाजा खोटा हाये. चौथाई पुन्हा कापशीन तर पाखरू तिथंच सडीन. मंग एकच रस्ता राह्यला. मागचा खरा आकडा सांग."

"चाळीस वर्सात आकडा बदलला नाई म्या."

"चाळीस वर्सात पाखरू बी मोजलं नव्हतं तू."

आतून काकूंचा आवाज आला. "जा अन् मिटवून या. नाई तर फळा मी चुलीत घालतो."

शेवटी तिघं निघालो. काकाजी, पाण्याला घाबरणारे हनीफभाई, आणि दिवसातून चार वेळा काकाजींच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालणारा मी. त्या बोटीवर मी जेवढे थेंब घातले, त्यातले निम्मे समुद्राच्या हेलकाव्याने काकाजींच्या कानात गेले. हनीफभाई तीन दिवस डोळे मिटून पडून होते. मधूनमधून विचारत, "बाळापूर दिसून राहिलं का?"

बेटाच्या काठाला होडी लागली आणि काकाजी वर बघायच्या आधी खाली बसले. जमिनीवर. झाडांखाली गुडघ्याएवढी, कमरेएवढी, माणसाएवढी रोपं दाटीवाटीने उभी होती. त्यांनी एकाचं पान दोन बोटांत धरलं. मला म्हणाले, "मास्तर, लेकरं पाह्य." आणि चष्मा काढून खिशात टाकला. तो पुन्हा बाहेर आला नाही.

त्यानंतरचे दिवस मी जन्मात विसरणार नाही. दोघं म्हातारे डोंगराच्या दोन टोकांनी शिरले, एकमेकांकडे पाठ करून, थेट संत्र्याच्या बागेत शिरावं तसे. मॅडमच्या हाताखालची माणसं दुर्बिणी घेऊन वेगळी मोजत होती. डोक्यावरून एसट्या चढावर जात होत्या. चौथ्या दिवशी दुपारी दोघं किनाऱ्यावर भेटले, दुपट्ट्याखाली हात गेले. काकाजींनी बोटं दाबली. हनीफभाईंनी दाबली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग हनीफभाई म्हणाले, "चहा सांग रे मास्तर." पहिल्याच झटक्याला जुळला होता.

काकाजी दुपट्टा घेऊन मॅडमसमोर जाऊन बसले. दुपट्ट्याखाली आकडा दिला. मॅडम आता सरावल्या होत्या. त्यांनी तो टिपला आणि त्यांचा चेहरा असा फुलला, की मला आकडा न कळताही बातमी कळली. त्या उठणार होत्या, पण काकाजींनी त्यांचा हात सोडला नाही.

"अजून एक हाये," ते म्हणाले.

पुन्हा बोटं दाबली गेली. मॅडमच्या कपाळावर आठी आली. "हा कसला आकडा, काकाजी?"

"मागच्या वेळचा." काकाजी वाळूकडे बघत होते. "म्या तवा चौथाई तूट धरली होती. घेनाऱ्याचा आकडा देल्ला तुमाले. खरा हा हाये. माया चुकीपायी पाखरू खाली बसलं. आता वाढलं म्हनून जे लिहान, ते ह्या आकड्यापासून मोजून लिहा. अन् मायं नाव काढून टाका मागच्या कागदावरून."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आकडा बदलला होता. हनीफभाईंनीसुद्धा मान खाली घातली.

मॅडमनी पिशवीतून एक जुनी, पाण्याने फुगलेली वही काढली. पानं उलटली. मग वही काकाजींच्या समोर धरली.

"काकाजी, बोटीवर तीन दिवस तुम्ही मला काय शिकवत होतात? जाणता खरा आकडा कधी देत नाही, चौथाई कापतो. किमान वीस वेळा सांगितलंत. तुम्ही बोटांवर दिलेला आकडा मी तसा पाठवलाच नाही. तूट परत घालून पाठवला. आमच्या माणसांच्या मोजणीच्या अगदी जवळ गेला तो. हा बघा, तुम्ही आता दुसऱ्यांदा दिलात तोच."

काकाजी वहीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता त्यांचे डोळे भरून येतील आणि माझे थेंब वाया जातील. पण त्यांचा चेहरा लाल झाला.

"माया आकड्यात हात घातला तुमी?"

हनीफभाई हसता हसता वाळूत आडवे झाले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या मान ताठ ठेवून म्हणाल्या, "हो. घातला."

काकाजींनी डोळे बारीक केले. "परत घालताना किती घातली? चौथाई?"

"नाही. तिसरा हिस्सा."

त्यांचा लाल चेहरा हळूहळू निवत गेला. चौथाई काढून घेतलेल्या ढिगात पुन्हा चौथाईच टाकली तर ढीग पहिल्याएवढा होत नाही. उरलेल्याचा तिसरा हिस्सा टाकावा लागतो. इथे भलेभले व्यापारी फसलेले त्यांनी पाहिले होते. काकाजी उठले, पँटची वाळू झटकली आणि हनीफभाईंना म्हणाले, "ऊठ. बाई जानती हाये."

म्हणजे जुना आकडा खरा होता. पाखरू तेव्हा खरंच संकटात होतं आणि आता खरंच वाढलं होतं. बाजा खरा होता. काकाजी एकटेच रोपांमधून चालत आत गेले. ते किती वेळ आत होते हे मी मोजलं नाही. बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोक्यावरून एक धनेश आवाज करत गेला, आणि काकाजींनी ओळखीच्या ड्रायव्हरला करावा तसा त्याला हात केला.

यादी बदलायला मात्र वेळ लागतो. कागद हलतात, तज्ज्ञ वाचतात, पुन्हा वाचतात. काकाजी रोज सकाळी तोच मजकूर लिहीत राहिले, पण आता पुसताना गुणगुणत. आणि एक दिवस मॅडमचा मेसेज आला. त्या सकाळी अख्ख्या गल्लीने पाहिलं, की फळा पुसल्यावर काकाजींनी वेगळा शब्द लिहिला. असुरक्षित. म्हणजे संकटातून एक पायरी बाहेर. धोका आहेच, पण आता पाय टेकले आहेत. तो डबा पाठवणाऱ्या कुटुंबाने तो शब्द वाचून आपल्या फाटकाला दुसरं कुलूप लावलं, ही गोष्ट वेगळी.

पुढच्या रविवारी काकाजींनी गल्लीला जेवण दिलं. रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि वर तुपाची धार. अंगणात गोवऱ्यांवर रोडगे भाजले जात होते आणि वास बडनेऱ्यापर्यंत गेला होता. पंगत बसायच्या आधी काकाजी फाटकात उभे राहिले, माणसांवरून एकदा नजर फिरवली आणि आचाऱ्याला पत्रावळींचा आकडा सांगितला. तोंडाने, मोठ्याने.

हनीफभाईंच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. "बोलून राहिला हा?"

"हे थोडीच बाग हाये," काकाजी म्हणाले.

मी पाट मांडत होतो. माणसं बसली, मी मोजलं, पुन्हा मोजलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच काकाजींचा आकडा चुकला होता. एक पान जास्त झालं होतं. त्यांच्या जवळ जाऊन मी हळूच म्हटलं, "काकाजी, एक उरलंय."

"तू वाढत राह्य."

वरण वाढून झालं तेव्हा फाटकाबाहेर ऑटो थांबला. खांद्याला पिशवी लावून मॅडम उतरल्या. येणं जमणार नाही असं त्यांनी मला स्वतः फोनवर सांगितलं होतं. काकूंनी गुपचूप दुसरा फोन केला असणार असं हनीफभाई आजही म्हणतात. मी ते मानत नाही. मॅडम फळ्यासमोर क्षणभर उभ्या राहिल्या, आत आल्या, पंगतीवर नजर फिरवली आणि त्यांना ते रिकामं पान दिसलं.

"काकाजी, मी येणार हे तुम्हाला कसं कळलं?"

काकाजींनी त्यांच्या पानात गरम रोडगा फोडला, वर तूप ओतलं, आणि ते वाहून बाजूच्या भाजीत जाईपर्यंत हात वर घेतला नाही.

"बसा," ते म्हणाले. "यंदा तूट धरली नाई."